इंदूर–न्यूयॉर्क हवाई अंतर व प्रवासवेळ

इंदूरचा देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ आणि न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ यांच्यातले हवाई अंतर सुमारे १२,३०० किलोमीटर, म्हणजे अंदाजे ७,६४० मैल आहे. वैमानिक ते नॉटिकल मैलात मोजतात (१ नॉटिकल मैल = १.८५२ किमी), त्या हिशेबाने ते ६,६४० च्या आसपास भरते.

भिंतीवरच्या नकाशात पट्टीने रेघ ओढली, तर ती अरबस्तान, इजिप्त, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागरावरून जाते. ही वाट सरळ दिसते खरी, पण ती सुमारे १४,२०० किमीची आहे. पृथ्वीगोलावर त्याच दोन ठिकाणांत दोरा ताणून धरला की तो थेट उत्तरेकडे चढतो: पाकिस्तान, अफगाणिस्तान, मध्य आशिया, रशिया, फिनलंड. नॉर्वेजवळच्या समुद्रावर तो ६७ अंश अक्षांशाच्याही वर जातो आणि आर्क्टिक वृत्त ओलांडतो. मग ग्रीनलंडचे दक्षिण टोक गाठून कॅनडावरून खाली येतो. विषुववृत्तापासून दूरच्या प्रदेशांत सपाट नकाशा ताणला जातो, म्हणून ही फसगत होते.

ताशी ९०० किमी वेगाने हे अंतर १३ तास ४० मिनिटांत कापले जावे. संकेतस्थळांवर साधारण असाच आकडा असतो, आणि प्रवाशाला त्याचा उपयोग जवळजवळ नाही. एक तर इंदूरहून न्यूयॉर्कला थेट विमान नाही. दिल्लीमार्गे गेल्यास दोन टप्प्यांची बेरीज सुमारे १२,४२० किमी होते, म्हणजे वळसा जेमतेम सव्वाशे किमीचा. मुंबईमार्गे तो सातशेच्या वर जातो. पण खरा वेळ खातो तो मधला मुक्काम. इंदूर–दिल्ली उड्डाण दीड तासाच्या आसपासचे, आणि पुढच्या विमानासाठी चार-सहा तास बसणे नेहमीचेच. मुलीच्या बाळंतपणाला निघालेल्या इंदुरी आजी-आजोबांना अंतराशी काही देणेघेणे नसते. सामान थेट न्यूयॉर्कपर्यंत जाईल का आणि दिल्लीत टर्मिनल बदलावे लागेल का, एवढेच ते विचारतात. जुलै २०१९ मध्ये इंदूरहून दुबईची विमानसेवा सुरू झाली, तेव्हा आखातातून पुढे जाण्याचा पर्यायही मिळाला. त्या वाटेने एकूण अंतर सुमारे ८०० किमीने वाढते.

दुसरे कारण हवाई हद्दीचे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हद्द बंद केली आणि दिल्लीहून पश्चिमेकडे जाणारी त्यांची उड्डाणे लांबली. २०२२ पासून अमेरिकी कंपन्यांना रशियावरून उडता येत नाही, त्यामुळे त्यांनाही वळसा पडतो.

वाऱ्याचा वाटाही मोठा. आठ-दहा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान झोत हिवाळ्यात अधिक जोर धरतात. ते जाताना सहसा समोरून येतात, परतताना पाठीशी असतात, म्हणून परतीचे उड्डाण बहुधा तासाभराने तरी कमी भरते.

तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात. न्यूयॉर्क भारताच्या मागे हिवाळ्यात साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ. जानेवारीत दिल्लीहून रात्री दोनला सुटलेले विमान साडेपंधरा तास उडाले, तरी तिथे त्याच तारखेचे सकाळचे सातच वाजलेले असतात. परतीला उलट होते: रात्री निघालेला प्रवासी दुसऱ्या दिवशी रात्री उशिरा दिल्लीत उतरतो, आणि इंदूरचे विमान बहुतेक वेळा त्याच्या पुढच्या सकाळचे मिळते.