किल्ट : रोजच्या वापरासाठी निवड

किल्ट : स्कॉटलंडच्या हायलँड भागातील पुरुषांचे कमरेपासून गुडघ्यापर्यंतचे लोकरी वस्त्र. पुढच्या बाजूस दोन सपाट पदर एकमेकांवर येतात, बाकीच्या घेरात निऱ्या असतात आणि कातडी पट्टे व बकलांनी ते कमरेवर बसते. लग्नसमारंभ आणि बॅगपाइपची पथके यांतील किल्ट सर्वपरिचित आहे. तो रोज नेसायचा झाल्यास कापडाचे वजन, लांबी व नितंबावरचे माप यांना अधिक महत्त्व येते.

उगम : किल्टचे पूर्वरूप म्हणजे बेल्टेड प्लेड. हायलँडमधील मागांवर साधारण ६३ ते ७६ सेंमी. पन्ह्याचे कापड निघे. असे दोन पन्हे लांबीत जोडून केलेले वस्त्र चुण्या घालून पट्ट्याने कमरेला आवळत आणि वरचा अर्धा भाग खांद्यावर घेत. आयरिश सरदार रेड ह्यू ओडॉनेल याच्या आयरिश भाषेतील चरित्रात १५९४ च्या हकिगतीत स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हेब्रिडीझ बेटांवरील सैनिकांच्या झग्यांवर बाहेरून बांधलेल्या पट्ट्यांचे वर्णन येते. ते बेल्टेड प्लेडचेच असावे, असे सामान्यतः मानतात. या पोशाखाचा प्रसार त्यामुळे सोळाव्या शतकाच्या अखेरीस झाला असे धरतात.

खालचा एकच पन्हा नेसण्याची पद्धत, म्हणजे ‘लहान किल्ट’, केव्हा आली हा वादाचा विषय आहे. १७६८ मध्ये लिहिलेल्या व १७८५ मध्ये छापलेल्या एका पत्रात, हायलँडमधील इन्व्हरगॅरी येथे लोखंडाचा कारखाना चालवणारा, इंग्लंडातील लँकाशरचा क्वेकर (एका ख्रिस्ती पंथाचा अनुयायी) टॉमस रॉलिन्सन याला तिचे श्रेय दिले आहे. काळ सु. १७२० – ३०. भट्टीवर व जंगलतोडीच्या कामात पूर्ण प्लेड अडचणीचे होते, हे त्यामागचे कारण सांगितले जाते. इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी १९८३ मध्ये या मताचा जोरदार पुरस्कार केला. तथापि घटना घडून सु. चाळीस वर्षांनी लिहिलेल्या एका पत्रावर सगळा भार टाकणे धोक्याचे आहे. जोडलेल्या दोन पन्ह्यांपैकी एकच नेसण्याची सोय अनेकांना आपापली सुचण्याजोगी आहे. रॉलिन्सनने ती रूढ केली असणे अधिक संभवनीय वाटते. निऱ्या कायमच्या शिवण्याची रीत मात्र याहून बरीच नंतरची, अठराव्या शतकाच्या अखेरची असून तिचा संबंध सैन्याच्या पलटणींशी जोडतात. १७४६ च्या कायद्याने हायलँड पोशाखावर बंदी आली, ती १७८२ मध्ये उठली. सैन्याला या बंदीतून सूट होती. राजा चौथा जॉर्ज १८२२ मध्ये एडिंबरोला आला, तेव्हापासून किल्टला समारंभाच्या पोशाखाची प्रतिष्ठा लाभली.

अरुंद मागाचा हा वारसा आजच्या मापांतही टिकून आहे. ‘आठ यार्डांचा किल्ट’ म्हणजे एका पन्ह्याचे आठ यार्ड (सु. ७.३ मी.) कापड. आता कापड दुप्पट पन्ह्याचे मिळते. ते चार यार्ड घेऊन उभे मधोमध फाडतात व दोन तुकडे जोडतात. खालच्या कडेला कापडाची मूळ किनारच येते. दुमड घातली तर निऱ्यांच्या टोकांना जाडी येऊन त्या फुगतात, म्हणून चांगल्या किल्टला खाली दुमड नसते. विकत घेताना हे पहिल्यांदा पाहावे.

कापड : उत्तम कापड २/२ ट्विल विणीचे (दोन धाग्यांवरून व दोन धाग्यांखालून जाणारी, तिरप्या रेषांची वीण), वर्स्टेड म्हणजे विंचरून कातलेल्या गुळगुळीत लोकरीचे असते. वजन दुप्पट पन्ह्याच्या एका यार्डामागे औंसांत सांगतात : १० – ११ औंस हलके, १३ मध्यम, १६ भारी, सैनिकी कापड याहूनही जड. १६ औंसी कापडाच्या आठ यार्डी किल्टमध्ये सु. १.८ किग्रॅ., १३ औंसी कापडात सु. १.५ किग्रॅ. आणि १६ औंसी कापडाच्या चार यार्डी किल्टमध्ये सु. ०.९ किग्रॅ. कापड असते, अस्तर व पट्टे वेगळे. हलके कापड आरामदायक असणार, हा समज फसवा आहे. १० औंसी कापडाची घडी लवकर मोडते आणि वाऱ्यात ते उडते. रोजच्या चालण्याबसण्यासाठी जड कापडाचा चार यार्डी किल्ट हा हलक्या कापडाच्या आठ यार्डी किल्टपेक्षा पुष्कळदा सरस ठरतो. पॉलिएस्टर-व्हिस्कोजचे कापड घरी धुता येते व टोचत नाही, त्यामुळे प्रवासाला बरे. ॲक्रिलिकवर गोळे धरतात आणि निऱ्या टिकत नाहीत. जाड सुती कापडाचे खिसेवाले ‘युटिलिटी किल्ट’ २००० पासून सिॲटलमधून प्रसिद्धीस आले. ते पँटप्रमाणे कमरेखाली बसतात.

माप : पँटचा नंबर येथे उपयोगाचा नाही. पारंपरिक किल्ट बेंबीच्या पातळीवर बसतो आणि त्याची वरची कड तिथून सु. ५ सेंमी. वर जाते. टेप त्याच पातळीवर, श्वास न ओढता धरावी. दुसरे माप नितंबाच्या सर्वांत भरीव भागावर, तिसरे कमरेपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत. गुडघे टेकून बसल्यावर खालची कड जमिनीपासून दोनएक सेंमी. वर राहिली की लांबी बरोबर आहे. त्याहून लांब किल्ट जिना चढताना गुडघ्यावर आपटत राहतो.

निऱ्या कमरेपासून नितंबापर्यंत, साधारण एकूण लांबीच्या तिसऱ्या भागापर्यंत, शिवून टाकतात. या शिवलेल्या भागाला फेल म्हणतात. किल्टचा सगळा आराम या फेलवर अवलंबून असतो. नितंबाचे माप कमी पडले तर फेल संपताच निऱ्या फाकतात आणि पुढच्या पदरावर आडव्या सुरकुत्या येतात. जास्त झाले तर मागचा भाग खाली लोंबतो व कड पोटरीला लागते. कमर ढिली असल्यास पट्टा आवळून भागत नाही. बकल हलवून शिवावे लागते. हाताने शिवलेल्या किल्टमध्ये फेलच्या आतले जादा कापड कापून काढतात, त्यामुळे पाठीशी जाडी कमी होते. मात्र कापलेल्या जागी आडवे टाके व कॅनव्हासचे अस्तर नसेल, तर निऱ्यांचा सगळा भार वरच्या शिवणीवर येऊन फेल ताणला जातो. दुकानात किल्ट उलटा करून ही जागा तपासावी.

सुरीसारख्या एकाच दिशेने पडणाऱ्या निऱ्या आठ यार्डांत खोल येतात व चालताना छान झुलतात. चार यार्डांत सपाट चौकोनी, म्हणजे बॉक्स निऱ्या घालतात. खुर्चीत तासन्‌तास बसणाऱ्याला याच सोयीच्या, कारण पाठीमागे थर कमी येतात. टार्टनच्या, म्हणजे किल्टच्या रंगीत चौकड्यांच्या कापडाच्या, नक्षीची पुनरावृत्ती मोठी असेल, तर नक्षी जुळवून निऱ्या घालताना त्यांची संख्या घटते. म्हणून चार यार्डांसाठी नक्षीचे माप आधी मोजून घ्यावे. कोणते टार्टन कोणी नेसावे यावर कायद्याचे बंधन नाही. स्कॉटलंडची अधिकृत टार्टन नोंदवही २००९ पासून आहे.

नेसणे व निगा : आतल्या पदराचा पट्टा डाव्या बाजूच्या चिरेतून बाहेर काढून डाव्या बकलात अडकवतात, वरचा पदर उजवीकडे येतो व तिथे एक किंवा दोन पट्टे असतात. नितंबावरचा तिसरा पट्टा नुसता टेकवावा. आवळल्यास शेजारच्या निऱ्या वाकड्या होतात. पिन फक्त वरच्या पदराला लावावी. दोन्ही पदरांतून टोचली तर पाऊल टाकताना कापड फाटते. बसताना साडीच्या निऱ्या सारख्या कराव्यात तसा मागून हात फिरवून त्या सपाट बसवाव्या लागतात. गुडघ्यांमधला पदर स्पोरनच्या, म्हणजे पुढे लटकणाऱ्या चामडी बटव्याच्या, वजनाने जागेवर राहतो. रोजसाठी साधा चामडी स्पोरन पुरतो.

भिजलेला किल्ट कमरेच्या बाजूने क्लिपांना टांगून सावलीत वाळवावा. हीटरजवळ नेऊ नये. डाग ओल्या फडक्याने टिपावा. ड्रायक्लीनला देण्यापूर्वी निऱ्या कच्च्या टाक्यांनी खालपर्यंत धरून घ्याव्यात, नाहीतर परत आल्यावर प्रत्येक घडी नव्याने बसवावी लागते. उन्हाळ्यात ठेवून देण्याआधी ब्रश मारून स्वच्छ करावा. कसर घाम व अन्नाच्या डागांच्या जागी प्रथम लागते.