फॉरेस्ट वॉच

अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड प्रदेशात शाळकरी विद्यार्थ्यांनी जंगलाच्या प्रकृतीची वर्षानुवर्षे नोंद ठेवावी, यासाठी आखलेला उपक्रम. झाडांची प्रत्यक्ष मोजमापे घेऊन ती लँडसॅट उपग्रहाच्या चित्रांशी ताडून पाहणे, हे त्याचे मुख्य अंग. न्यू हॅम्पशर विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ बॅरी रॉक यांनी तो सुरू केला. आरंभाचे वर्ष सामान्यतः १९९१ धरतात. मात्र ज्या संशोधनावर तो उभा आहे, ते त्याआधीच्या दशकातले आहे.

पार्श्वभूमी : व्हरमाँटमधील कॅमल्स हंप या डोंगरावर ह्यूबर्ट व्होगेलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात झाडांची मोजणी करून ठेवली होती. १९७९ मध्ये ती पुन्हा केली, तेव्हा तांबडा स्प्रूस हा सूचिपर्णी वृक्ष जवळपास निम्म्याने घटल्याचे आढळले. त्याच सुमारास पश्चिम जर्मनीतही ‘वनमृत्यू’ची चर्चा सुरू झाली. कारणांबद्दल एकमत झाले नाही. आम्लवर्षेने झाडे थेट मरतात, असे काहींचे मत होते; मातीत मोकळे होणारे ॲल्युमिनियम मुळांना बाधते, असे दुसऱ्यांचे; तर काहींनी सगळा दोष कडक हिवाळ्यांना दिला. आम्लयुक्त धुक्यामुळे पानांच्या पेशीपटलांतील कॅल्शियम निघून जाते आणि थंडी सोसण्याची ताकद कमी होते, ही डीहेज व त्यांच्या सहकाऱ्यांची १९९९ मधील मांडणी त्यांतल्या त्यात अधिक पटणारी आहे. अलीकडच्या दशकांत याच स्प्रूसची वाढ पुन्हा सुधारली आहे, हेही तिच्याशी जुळते.

तांबडी कडा : हिरवे पान तांबडा प्रकाश शोषते, पण त्याला लागून असलेला अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परतवते. त्यामुळे परावर्तनाचा आलेख सुमारे ६८० ते ७५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या टापूत एकदम उभा चढतो. या चढालाच ‘तांबडी कडा’ म्हणतात. ती कोणी प्रथम ओळखली हे एका नावावर टाकणे अवघड आहे. कॉलिन्स यांचा पिकांवरील निबंध १९७८ चा आहे, तर हॉर्लर, डॉक्रे व बार्बर यांचे पद्धतशीर विवेचन १९८३ चे. पानातील हरितद्रव्य घटले की ही कडा आखूड तरंगलांबीकडे, म्हणजे निळ्या बाजूला सरकते. रॉक व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये व्हरमाँट आणि पश्चिम जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग येथील स्प्रूसमध्ये हे सरकणे सुमारे ५ नॅनोमीटर असल्याचे दाखवले.

येथे एक गैरसमज वारंवार होतो. शाळांना मिळणाऱ्या लँडसॅट चित्रांत ही कडा दिसत नाही. त्या उपग्रहावरील ‘थीमॅटिक मॅपर’ या संवेदकाचा तांबडा पट्टा ६९० नॅनोमीटरला संपतो आणि अवरक्त पट्टा ७६० ला सुरू होतो; कडा नेमकी मधल्या फटीत पडते. म्हणून विद्यार्थ्यांनी कापलेल्या फांद्या विद्यापीठात पाठवल्या जात आणि तेथील वर्णपटमापकावर कडेचे स्थान काढले जाई. लँडसॅटवरून कळते ते हिरवाईचे प्रमाण आणि पानांतील ओलावा. यांतला ओलावा दोन अवरक्त पट्ट्यांच्या गुणोत्तरावरून काढतात. तांबड्या कडेच्या टापूत स्वतंत्र पट्टे असलेल्या सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहमालिकेचे पहिले यान २०१५ मध्ये अवकाशात गेले.

श्वेत पाइन : निरीक्षणासाठी निवडलेले झाड श्वेत पाइन, शास्त्रीय नाव पायनस स्ट्रोबस. त्याच्या सुया पाच-पाचच्या जुडग्यात येतात आणि साधारण दोन-तीन वर्षे टिकतात. जमिनीलगतच्या ओझोनला ते संवेदनशील आहे. सुयांची टोके जळण्यामागे ओझोन असावा, असे १९६३ मध्येच सुचवले गेले होते. ओझोन पर्णरंध्रांतून, म्हणजे पानावरील सूक्ष्म छिद्रांतून, आत शिरतो. सुई उजेडात धरली की हिरव्यावर पिवळसर, कडा पुसट असलेले ठिपके दिसतात. टोक मात्र तपकिरी आणि ठिसूळ. विद्यार्थी सुईची लांबी पट्टीने मोजतात, त्यांतली किती पिवळी व किती मेलेली ते टिपतात आणि फांदीवर किती वर्षांच्या सुया शिल्लक आहेत ते मोजतात.

क्षेत्रमापन : प्रत्येक शाळा ३० मीटर × ३० मीटरचा चौरस आखते, कारण लँडसॅटच्या एका चित्रकणाने (पिक्सेलने) व्यापलेली जमीन तेवढीच असते. खोडाचा व्यास छातीच्या उंचीवर घेतात. उंचीसाठी कोनमापकाला दोरा आणि वजन बांधलेले साधन पुरते. छत्राची, म्हणजे वरच्या पानांच्या आच्छादनाची, दाटी मोजायचे साधन तर आणखी साधे : पुठ्ठ्याची नळी, तिच्या तोंडावर आडवे-उभे दोन दोरे. चौकोनाच्या कर्णावरून चालत ठरावीक पावलांनी थांबायचे, नळी डोळ्याला लावून सरळ वर पाहायचे. दोऱ्यांच्या छेदाआड पान आले तर अधिक, आकाश दिसले तर उणे.

कागदावर हे नेटके दिसते. जमिनीवर चित्रकणाच्या रेषा आखलेल्या नसतात. चित्र एका कणाइतके जरी सरकलेले असले, तरी मुलांनी मोजलेला चौरस शेजारच्याच कणाशी ताडला जातो. १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘ग्लोब’ या शाळांच्या आंतरराष्ट्रीय पर्यावरण-निरीक्षण कार्यक्रमाने याच कारणाने एकसारख्या वनस्पतीचा ९० मीटर × ९० मीटर तुकडा मागितला. ही रीत अधिक सुरक्षित म्हणावी लागेल, पण शाळेच्या आसपास एवढे एकसारखे जंगल सापडणे कठीण. चित्रांच्या वर्गीकरणासाठी पर्ड्यू विद्यापीठाची ‘मल्टिस्पेक’ ही मोफत आज्ञावली वापरली जाते.

मर्यादा : श्वेत पाइनमध्ये झाडागणिक ओझोनची सहनशक्ती बदलते, शेजारशेजारची दोन झाडे एकाच उन्हाळ्यात वेगवेगळी दिसू शकतात. उलट कोरड्या वर्षी पर्णरंध्रे मिटलेली असल्याने हवेत ओझोन असूनही इजा कमी होते. २०१० च्या सुमारापासून न्यू इंग्लंडमध्ये श्वेत पाइनच्या सुया पिवळ्या पडून गळण्याचे प्रमाण वाढले; त्यामागे मुख्यतः बुरशीजन्य रोग आणि ओले वसंत ऋतू असल्याचे वनरोगतज्ज्ञ मानतात. पिवळी सुई म्हणजे ओझोनच, असे समीकरण त्यामुळे आता मांडता येत नाही.

भारतातील संदर्भ : ग्लोबमध्ये भारत २००० साली सामील झाला. पानझडी जंगलांना मूळ पद्धत जशीच्या तशी लागू पडत नाही. विदर्भातला साग उन्हाळ्यात निष्पर्ण असतो आणि पावसाळ्यात उपग्रहाला ढगच दिसतात. भारतीय वन सर्वेक्षण संस्था बहुतेक ठिकाणी ऑक्टोबर ते डिसेंबरमधली चित्रे वापरते ती यामुळेच. पण त्याच्या थोडे आधी पाने कुरतडणारी अळी सागाच्या पानांची जाळी करून टाकते. त्या वेळी वरून तपकिरी दिसणारे सागवन वाळलेले की खाल्लेले, हे खाली जाऊन पान हातात घेतल्यावरच कळते.