सेप्टिक टाक्यांवरील आरोग्य देखरेख, मुंबई

ज्या घरांचा, चाळींचा आणि सार्वजनिक शौचालयांचा मैला महापालिकेच्या मलवाहिनीत जात नाही, त्यांच्या टाक्या नीट बांधल्या आहेत का, वेळेवर उपसल्या जातात का आणि त्या उपसताना कुणाचा जीव धोक्यात येतो का, यावर लक्ष ठेवणारी स्थानिक व्यवस्था. मुंबईत मलवाहिन्यांचे जाळे जुने आणि मोठे आहे. कुलाबा, वरळीचे लव्हग्रोव्ह, वांद्रे, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर असे त्याचे सात विभाग पडतात. तरीही डोंगरउतारावरच्या आणि खाडीकाठच्या वस्त्या, आरेतले आदिवासी पाडे, गोराई-मनोरीसारखी खाडीपलीकडची गावे आणि काही जुन्या सोसायट्या संडासाच्या टाकीवरच अवलंबून आहेत. २०११च्या जनगणनेनुसार मुंबईची ४० टक्क्यांहून अधिक लोकसंख्या झोपडपट्टीत राहत होती. त्यामुळे हा विषय शहराच्या कडेचा मानता येत नाही.

टाकीत मैला काही काळ स्थिर राहतो. जड भाग गाळ होऊन तळाशी बसतो, तेलकट भाग साय धरून वर तरंगतो आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू गाळाचा काही अंश कुजवतात. मधले पाणी पुढच्या नळीने बाहेर पडते. ते दिसायला बरे असले तरी त्यात रोगजंतू आणि कृमींची अंडी असतातच, म्हणून ते शोषखड्ड्यात (पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यात) किंवा मलवाहिनीतच गेले पाहिजे. भारतीय मानक २४७० प्रमाणे घरगुती टाकीची रुंदी किमान ७५० मिलिमीटर, पाण्याची खोली किमान १ मीटर आणि क्षमता किमान १००० लिटर हवी. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून १८ मीटर आणि राहत्या घरापासून ६ मीटर दूर असावा. ज्या वस्तीत दोन घरांमधून एक माणूस जेमतेम जातो, तिथे हे ६ मीटर आणायचे कुठून? भरावाची जमीन, खाडीची चिकण माती आणि तिच्याखालचा काळा दगड पाणी फारसे शोषत नाही. पावसाळ्यात भूजल वर आले की शोषखड्डा उलट पाणी घेऊ लागतो. मग टाकीची नळी सरळ गटारात सोडली जाते, गटार नाल्याला मिळते आणि नाला मिठी, दहिसर, पोयसर किंवा ओशिवरा नदीला.

आरोग्याचा धोका सर्वांत आधी नळातून येतो. मुंबईत बहुतेक भागांत पाणी ठरावीक वेळीच सुटते. पुरवठा बंद झाला की जलवाहिनीतला दाब उतरतो, आणि जोड सैल असेल किंवा नळी गंजली असेल तर भोवतालचे पाणी आत ओढले जाते. वस्त्यांमध्ये नळजोडण्या बऱ्याचदा गटारातूनच नेलेल्या असतात. त्या गटारात भरलेल्या टाकीचे पाणी वाहत असेल तर गॅस्ट्रो, विषमज्वर आणि ‘अ’ व ‘ई’ प्रकारची कावीळ घरोघर पोचायला वेळ लागत नाही. डासांचा प्रश्न वेगळा. हिवतापाचा शहरी डास स्वच्छ पाण्यात वाढतो, तर हत्तीरोग पसरवणारा क्यूलेक्स घाण पाण्यात. फुटके झाकण किंवा टाकीतला वायू बाहेर सोडणारा, जाळी नसलेला पाइप त्याला पुरतो. पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी घट्ट बांधणे हा या साऱ्या व्यवस्थेतला सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि तोच सर्वाधिक दुर्लक्षित राहतो.

कायद्याचा मूळ आधार म्हणजे मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८. मलनिस्सारण हे त्याने महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरवले. जागेपासून १०० फुटांच्या आत महापालिकेची मलवाहिनी असेल तर आयुक्त मालकाला तिला जोडून घेण्याची नोटीस देऊ शकतात. ती त्याहून लांब असेल तर खाळकुवा (सांडपाणी साठवायचा खड्डा) किंवा टाकीची तरतूद करून घेता येते. खासगी गटारे आणि खाळकुवे तपासण्याचा व दुरुस्त करून घेण्याचा अधिकारही त्याच कायद्यात आहे. मैला उचलण्यासाठी ‘हलालखोर कर’ याच अधिनियमात होता. हलालखोर म्हणजे मैला उचलणाऱ्या जातीतली माणसे. त्या कराच्या नावातच ते काम कोणत्या माणसांवर लादले होते ते दिसते.

अधिकार आहेत, पण ते वाटले गेले आहेत. नव्या इमारतीचा नकाशा इमारत प्रस्ताव विभाग पाहतो आणि भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी टाकी कागदावर असते. मलवाहिन्या मलनिस्सारण खात्याकडे, वस्तीतली शौचालये घनकचरा व्यवस्थापन खात्याकडे, डास कीटकनाशक विभागाकडे आणि रोगाची साथ विभाग कार्यालयातल्या आरोग्य अधिकाऱ्याकडे. झोपडपट्टीतली अनेक शौचालये म्हाडाने बांधलेली आहेत. परिणामी टाकीकडे सरकारी नजर प्रामुख्याने दोनदा जाते, ती बांधताना आणि ती वाहू लागल्यावर. मधल्या वर्षांत ती किती भरली हे पाहणे कुणाचेच रोजचे काम नसते. रुग्ण वाढले की पाण्याचे नमुने घेतले जातात, गळती शोधली जाते, क्लोरीनच्या गोळ्या वाटल्या जातात. हे सगळे आवश्यकच आहे, पण त्याची सुरुवात आजार झाल्यानंतर होते. माझ्या मते खरी उणीव कायद्याची नाही, नोंदवहीची आहे. विभागात टाक्या किती, प्रत्येक शेवटची कधी उपसली आणि गाळ कुठे नेला, एवढे तीन रकाने असले तरी आरोग्य अधिकाऱ्याला साथीआधीच हालचाल करता येईल.

तपासणी मुळात अवघड नाही. टाकी उघडून काही वेळ वायू जाऊ द्यायचा, आत वाकायचे नाही, जवळ विडी-काडी पेटवायची नाही. लांब काठीच्या खालच्या टोकाला टॉवेलसारखे पांढरे टर्किश कापड गुंडाळून ती तळापर्यंत सोडायची, थोडा वेळ धरायची आणि हळू वर काढायची. कापडावर गाळाचा काळा पट्टा जिथवर चढतो तेवढी गाळाची उंची. गाळ आणि वरची साय मिळून पाण्याच्या खोलीच्या निम्म्यापर्यंत आली की उपसा करायचा. साधारणपणे दर २ ते ३ वर्षांनी ही वेळ येते. उपसताना थोडा गाळ मागे ठेवतात, म्हणजे जिवाणूंची नवी वाढ लवकर सुरू होते. ॲसिड किंवा फिनेल ओतून टाकी ‘साफ’ करणे उलटे पडते, कारण त्याने काम करणारे जिवाणूच मरतात.

सार्वजनिक शौचालयांना हे वेळापत्रक लागू पडत नाही. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९०च्या दशकात सुरू झालेल्या वस्ती स्वच्छता कार्यक्रमात एका आसनामागे ५० माणसे धरली होती. वस्ती वाढत जाते, आसने तेवढीच राहतात आणि टाकी कितीतरी लवकर भरते. सक्शन गाडीला आत शिरायला रस्ता नसेल तर लांब पाइप जोडावे लागतात, आणि तेही पोचत नसतील तर उपसा लांबतो. टाकीवरच उभ्या केलेल्या जुन्या बांधकामाला मैल्याच्या वायूंनी गंज चढतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये मानखुर्दला शौचालय खचून तिघे टाकीत पडून मेले. एप्रिल २०१८ मध्ये भांडुपला अशाच घटनेत दोघे गेले. सकाळी शौचाला गेलेली माणसे घरी परतली नाहीत, इतका हा प्रश्न जिवाशी आहे. म्हणून अशा शौचालयांच्या देखरेखीत गाळाबरोबर स्लॅबचीही तपासणी यायला हवी.

टाकीत उतरणाऱ्या कामगारांचे मृत्यू हा या विषयाचा सर्वांत लज्जास्पद भाग आहे. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साठतात. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण दशलक्षात सुमारे १०० भागांपर्यंत गेले की नाकाला वासच येईनासा होतो, त्यामुळे ‘वास नाही म्हणजे धोका नाही’ हा समज जीवघेणा ठरतो. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणाऱ्या २०१३च्या कायद्याने सुरक्षा साधनांविना कुणालाही टाकीत उतरवणे गुन्हा ठरवले. पहिल्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद, २ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीतल्या एका सोसायटीची टाकी साफ करताना तिघांचा मृत्यू झाला. त्यांच्या पत्नी उच्च न्यायालयात गेल्या आणि सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने प्रत्येकीला १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. सोसायटीने ठेकेदाराला काम दिले म्हणून तिची जबाबदारी संपत नाही, हे अजून अनेक कमिट्यांना माहीत नसते.

उपसलेला मैला कुठे जातो, यावरही लक्ष हवे. गाडीने तो मलप्रक्रिया केंद्रात रिकामा करायचा असतो. रात्री नाल्यात सोडला तर टाकी रिकामी होते आणि रोग फक्त दुसऱ्या वस्तीत जातो. केंद्र सरकारचे मैला-गाळ व्यवस्थापन धोरण फेब्रुवारी २०१७ मध्ये आले. महाराष्ट्रात वाई आणि सिन्नर या छोट्या नगरपालिकांनी तक्रारीची वाट न पाहता, ठरल्या क्रमाने घरोघरच्या टाक्या उपसण्याची पद्धत घालून दिली. मुंबईत टाकी भरल्याची किंवा वाहत असल्याची तक्रार महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर करता येते. सोसायटीने उपसा करून घेताना गाडीचा क्रमांक, तारीख आणि मैला रिकामा केल्याची पावती दप्तरी ठेवावी.