नांगर, कंदील आणि कॉलेज : कृष्णाकाठच्या शेती-तंत्रशिक्षणाची पार्श्वभूमी

किर्लोस्करांचा लोखंडी नांगर पहिल्यांदा तयार झाला, तेव्हा दोन वर्षं त्याला गिऱ्हाईक मिळालं नाही. अख्खा लोखंडाचा नांगर रानात घातला तर जमिनीत विष उतरतं, अशी लोकांची पक्की समजूत होती. लाकडी नांगराचा फाळही लोखंडाचाच असायचा, पण वाद घालायच्या वेळी ही गोष्ट कुणाला आठवत नसे.

हा नांगर करणारा माणूस शेतकरी नव्हता. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, यंत्रांची रेखाटनं शिकवायचे. बढतीच्या वेळी त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला वर घेतलं, म्हणून त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावात सायकलींचं दुकान टाकलं. सायकलीवरून ते कडबा कापायच्या यंत्राकडे आले आणि तिथून नांगराकडे. पुढे बेळगावातली जागा सोडायची वेळ आली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचं माळरान देऊ केलं. तिथं निवडुंग होता, साप होते आणि पाण्याची बोंब होती. १९१० साली त्या माळावर कारखाना उभा राहिला आणि कालांतराने स्टेशनचं नावच किर्लोस्करवाडी झालं.

एवढं मागं जायचं कारण असं की, दरवर्षी जूनमध्ये बारावीचा निकाल लागला की सांगली-साताऱ्याच्या घराघरांत एकच प्रश्न निघतो : पोराला ॲग्रीला घालायचं का इंजिनिअरिंगला? दोन दिशांना जाणारे दोन रस्ते असावेत तसा हा प्रश्न विचारला जातो. या मुलखाचा इतिहास मात्र वेगळं सांगतो. इथं शेती आणि यंत्र एकाच अंगणात वाढलं. त्यांची वाटणी नंतर झाली, आणि ती कॉलेजांनी केली.

ही वाटणी आधी पुण्यात झाली. १८७९ साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शेतीचा वर्ग सुरू झाला. हे कॉलेज म्हणजे १८५४ पासून बांधकाम खात्यासाठी माणसं तयार करणारी, आज सीओईपी म्हणून ओळखली जाणारी संस्था. पूल बांधायला शिकणारी पोरं आणि पीक घ्यायला शिकणारी पोरं जवळपास तीस वर्षं एकाच संस्थेची होती. १९०७-०८ च्या सुमारास शेतीचं कॉलेज वेगळं झालं, त्याला स्वतंत्र इमारत आणि शेत मिळालं. शेतीशास्त्राच्या दृष्टीनं ते चांगलंच झालं. पण त्यानंतर शेतकीवाल्याला पंप उघडता येईना आणि इंजिनिअरला माती कळेना, हेही खरं.

हे शिक्षण होतं इंग्रजीतून, आणि त्याचा रोख सरकारी नोकरीकडे. कुणब्याच्या पोराला त्याचा काही उपयोग नव्हता. या मुलखाशी नातं असलेल्या एका माणसानं ही गोष्ट फार आधी ओळखली होती. जोतीराव फुले यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. १८८२ साली इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी खेड्यातल्या शाळेत काय शिकवावं याची यादीच दिली : मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, आरोग्य, आणि त्याच यादीत शेतीचं प्राथमिक ज्ञान. शिवाय शाळेला जोडून एक लहानसं नमुना शेत असावं, म्हणजे मुलांना प्रत्यक्ष काम शिकता येईल, असंही सुचवलं. आज कृषी पदवीच्या पोरांना शेवटच्या वर्षी 'रावे' म्हणून गावात पाठवतात, कृषिदूत आणि कृषिकन्यांचे फलक ग्रामपंचायतीसमोर लागतात. फुल्यांना ते पहिलीपासून हवं होतं.

फुल्यांची ती यादी तशीच राहिली. तिच्या जवळपास जाणारं काम सातारा जिल्ह्यात झालं ते एका फिरत्या विक्रेत्याकडून. भाऊराव पाटील किर्लोस्करांचे नांगर आणि ओगल्यांचे कंदील विकत गावोगाव हिंडायचे. ओगल्यांचा काचकारखाना कराडजवळ १९१६ साली निघाला. त्या जागेला आज ओगलेवाडी म्हणतात, आणि 'प्रभाकर' कंदील ज्यांच्या घरात होता त्यांना तो कारखाना वेगळा सांगावा लागत नाही. नांगर विकायचा तर बांधावर बसून शेतकऱ्याशी बोलावं लागतं, आणि तसं बोललं की घरातली पोरं काय करतात तेही कळतं. भाऊरावांना ते कळलं. दुधगावच्या विद्यार्थी आश्रमात त्यांनी आधीच हात घातला होता. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली ती साताऱ्यात आली, आणि त्याच वर्षी सगळ्या जातींची पोरं एकत्र राहतील, एकत्र जेवतील असं वसतिगृह सुरू झालं. गांधीजी १९२७ साली ते पाहायला आले. पोरांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, ही गोष्ट साताऱ्यात आजही सांगतात.

शिक्षण फुकट नव्हतं आणि भीकही नव्हती. पोरं रानात राबायची, खडी फोडायची, स्वयंपाक करायची आणि त्यातून शिकायची. 'कमवा आणि शिका' हे नाव पुढे सगळ्या महाराष्ट्रात गेलं. आज त्याचा अर्थ कॉलेजच्या लायब्ररीत दोन तास पुस्तकं लावणं इतका आक्रसला आहे, पण मूळ कल्पनेत हातातलं काम शिक्षणाचा खर्च भागवायचं आणि शिक्षणही तेच असायचं. शेती-तंत्रशिक्षणाची किंमत काय, या प्रश्नाचं पहिलं उत्तर या जिल्ह्यानं असं दिलं होतं.

मग १९४७ साल आलं. साताऱ्यात रयतचं छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, 'कमवा आणि शिका' कॉलेजच्या पातळीवर आणणारं. सांगली त्या वेळी पटवर्धनांच्या संस्थानची राजधानी. तिथं त्याच वर्षी धोंडूमामा साठे यांच्या पुढाकाराने न्यू इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालं. तोवर इकडच्या पोराला इंजिनिअर व्हायचं तर पुणे नाहीतर मुंबई गाठावी लागे. १९५५ साली या कॉलेजला उद्योगपती वालचंद हिराचंद यांचं नाव मिळालं, आणि तेव्हापासून सांगलीत नुसतं 'वालचंद' म्हटलं की विश्रामबागेकडे बोट जातं. मधल्या काळात संस्थानं विलीन झाली, १९४९ साली दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. त्याच १९६० साली कराडला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आलं. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते आणि कराड त्यांचं गाव होतं, हे लक्षात घेतलं की फार स्पष्टीकरण लागत नाही.

कृषी महाविद्यालय मात्र मागं राहिलं. पुण्यानंतर दक्षिण महाराष्ट्राला ते मिळालं कोल्हापुरात, १९६३ साली. राहुरीचं कृषी विद्यापीठ १९६८ चं. त्याचा साचा अमेरिकेतून आला होता. १८६२ साली लिंकनने सही केलेल्या मॉरिल कायद्यानं तिथल्या राज्यांना जमिनी दिल्या, आणि त्या विकून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं काढायची होती. तिथं हे दोन शब्द कायद्यातच शेजारी होते. शिकवणं, संशोधन आणि ते शेतकऱ्यापर्यंत नेणं, ही तिन्ही कामं एकाच संस्थेनं करायची, ही रीतही त्याच परंपरेतली. भारतात ती पहिल्यांदा १९६० साली पंतनगरला आली. राहुरीत कृषी अभियांत्रिकीचं कॉलेजही लगेच, १९६९ साली निघालं. पण कराडला सरकारी कृषी महाविद्यालय यायला २०१२ उजाडावं लागलं. म्हणजे ऊस, हळद आणि द्राक्षांच्या या पट्ट्यात इंजिनिअरिंगनंतर तब्बल बावन्न वर्षांनी. मधल्या काळात खासगी कृषी महाविद्यालयं निघाली, पण सरकारचा प्राधान्यक्रम काय होता ते या आकड्यातून दिसतंच.

कॉलेज नव्हतं म्हणजे विद्या नव्हती असं नाही. फलटण तालुक्यातलं पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र १९३२ चं. ८६०३२ हा ऊस आपल्याकडे आबालवृद्धांना पाठ आहे. तो मुळात कोईमतूरचा, पण महाराष्ट्रात त्याची शिफारस झाली ती पाडेगावच्या चाचण्यांनंतर, 'नीरा' या नावानं. नीरा नाव कुणी वापरत नाही, आकडाच चालतो. सांगलीजवळ कसबे डिग्रजचं केंद्र सोयाबीनवर काम करतं. दुकानात 'केडीएस ७२६ आहे का?' विचारणाऱ्या शेतकऱ्याला त्यातली तीन इंग्रजी अक्षरं आपल्याच शेजारच्या गावाची आहेत, हे बहुधा माहीत नसतं. केडीएस म्हणजे कसबे डिग्रज सोयाबीन. मराठवाड्यातल्या बांधापर्यंत हे गाव असं आडनाव लपवून पोचलं आहे.

आणि द्राक्ष. इथं जरा थांबलं पाहिजे, कारण पदवीची खरी किंमत कुठं कळत असेल तर ती तासगाव-मिरज-पलूसच्या बागेत. तास-ए-गणेश ही द्राक्षाची जात थॉमसन या बिनबियांच्या जातीच्या बागेतून निवडली गेली ती तासगाव तालुक्यातल्या बोरगावात, आरवे यांच्याकडे. नावातला 'तास' तासगावचा आणि 'ए' आरव्यांचा. म्हणजे इथला बागायतदार कॉलेजची वाट पाहत बसला नव्हता. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, डॉगरिज या जंगली वेलाच्या खुंटावर कलम, घड फुगवणाऱ्या जीए संजीवकाची बुडवणी, डाऊनी आणि भुरी या रोगांचे दिवस, बेदाण्याचं शेड, हे सगळं त्यानं एकमेकांच्या बागा पाहून, चुका करून, कर्ज काढून शिकून घेतलं. पण जसा निर्यातीचा माल वाढला तसे औषधांचे अंश, पानाच्या देठाच्या तपासणीचे अहवाल, पाण्याचा क्षार आणि खताचं गणित पुढे आलं, आणि नुसत्या अनुभवाला मर्यादा पडली. तिथं कृषी पदवीधराला जागा मिळाली. दुचाकीवर टोपी घालून सकाळी सहाला बागेत येणारा, पान उलटून पाहणारा, चिठ्ठीवर फवारणी लिहून देणारा सल्लागार, त्याला लोक 'डॉक्टर' म्हणतात. माझ्या ओळखीत असे काही जण आहेत. त्यांच्या वर्गातले बाकीचे पुण्यात एमपीएससी करत राहिले. कोण जिंकलं ते मी सांगणार नाही. पण ऑक्टोबरात पाऊस लागला की फोन कुणाचा वाजतो ते माहीत आहे.

तंत्रशिक्षणाचा फुगवटा आला १९८३ साली. मुख्यमंत्री होते वसंतदादा पाटील, सांगलीजवळच्या पद्माळ्याचे. १९४३ साली सांगलीचा तुरुंग फोडणाऱ्या या माणसाचं स्वतःचं शिक्षण मराठी शाळेपलीकडे गेलं नव्हतं, आणि त्यांच्याच सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दारं उघडली. त्याच वर्षी इस्लामपूरजवळ साखराळ्याला राजारामबापूंच्या नावाचं कॉलेज निघालं, साताऱ्यात रयतचं इंजिनिअरिंग कॉलेज निघालं. साखर कारखान्याच्या चिमणीशेजारी कॉलेजची इमारत हे दृश्य इथूनच ओळखीचं झालं. या निर्णयावर टीका करणं सोपं आहे : फी वाढली, शिक्षणाचं दुकान झालं, पुढे जागा रिकाम्या राहू लागल्या. तरी वाळवा-कडेगावच्या ज्या घरात कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, त्या घरातला पोरगा डिप्लोमा करून भोसरी-चाकणला लागला, तो याच काळात. उसाच्या बिलातून फी भरली गेली आणि पगारातून घराला स्लॅब पडला. हा सगळा प्रवाह शेतातून बाहेर वाहत होता, एवढंच. शेताकडे परत येणारा इंजिनिअर या धोरणात कुणी कल्पिलाच नव्हता.

अलीकडची एक गोष्ट गमतीची. २०१५ साली केंद्रानं नियम बदलला. कीटकनाशकं विकायची तर दुकानदाराकडे कृषी किंवा संबंधित विज्ञानातलं शिक्षण हवं, असं ठरलं. कृषी सेवा केंद्रांच्या गल्ल्यावर वीस-पंचवीस वर्षं बसलेली माणसं अडचणीत आली. नवं दुकान काढणाऱ्यांनी पदवीधर शोधले, काहींनी पोराला किंवा सुनेला ॲग्रीला घातलं, आणि जुन्यांसाठी वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम आला. पन्नाशीतले दुकानदार आठवड्याला एक दिवस बाकावर बसून किडींची शास्त्रीय नावं घोकू लागले. कृषी पदवीचा बाजारभाव या एका नियमानं जेवढा वाढवला, तेवढा कुठल्याही भाषणानं वाढवला नसेल.

आता राहिली खारवट जमीन. कृष्णा-वारणेच्या काठी उसाला पाटानं बेसुमार पाणी देऊन देऊन चांगल्या काळ्या रानांवर क्षार पांढरा फुलून आला. काही ठिकाणी हरळीसुद्धा नीट येत नाही. उपाय ठाऊक आहे : जमिनीत चार फूट खोलीवर छिद्रं असलेले पाइप अंथरायचे, क्षाराचं पाणी ओढ्याला काढायचं, वरून जिप्सम आणि ताग-धैंचाचं हिरवळीचं खत. पाइपचा उतार चुकला तर पाणी साचतं, तो हिशेब इंजिनिअरचा. जिप्सम किती आणि कधी, ते माती तपासून ठरवायचं, तो हिशेब कृषीवाल्याचा. ओढ्यापर्यंत पाइप शेजाऱ्याच्या रानातून न्यायचा, तर ती समजूत पारावर घालावी लागते. एकट्याच्या एकरात हे काम होत नाही, सगळी शिवारपट्टी एकत्र यावी लागते. कृषीचं कॉलेज कराडात आहे आणि इंजिनिअरिंगचंही कराडात आहे. पण दोघांना एका बांधावर आणायचे फोन अजून शेतकऱ्यालाच लावावे लागतात, तेही हंगामाच्या आधी, ओढ्याला पाणी यायच्या आत.