पोटाच्या रक्तवाहिन्यांचा सीटी किंवा एमआर अँजिओ सोलापुरात करायचाय? आधी कागद बघा

डॉक्टरांनी पोटाचा सीटी अँजिओ सांगितला की पहिलं काम म्हणजे चिठ्ठी नीट वाचायची. नुसतं ‘सीटी ॲब्डॉमेन’ लिहिलेलं असेल तर एकदा विचारून घ्या, कारण मशीन तेच असलं तरी तपासणी वेगळी आहे. अँजिओत रक्तवाहिन्या उजळ दाखवणारं औषध शिरेतून सेकंदाला 4-5 मिली अशा वेगानं सोडतात आणि ते महाधमनीत, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीत, पोचलं की लगेच फोटो घेतात, साध्या सीटीत फोटो बऱ्याचदा मिनिटभरानं निघतात, तोवर धमन्यांतला तो उजळपणा गेलेला असतो. शंका कसली आहे तेही एका ओळीत हवं, म्हणजे महाधमनी फुगलीय का, किडनीची धमनी बारीक झालीय का, का पोर्टल व्हेनमध्ये (लिव्हरकडं रक्त नेणाऱ्या शिरेत) गुठळी आहे, कारण पोर्टल व्हेन बघायची तर फोटोची वेळच बदलते. आणि हो, मांडीतून नळी वगैरे यात घालत नाहीत, हातालाच सुई.

आता पैशाचं. महात्मा फुले जन आरोग्य योजना सुरुवातीला, 2012 साली, राजीव गांधी जीवनदायी या नावानं ज्या आठ जिल्ह्यांत आली त्यात सोलापूर होतं, तरी अजून लोक ओपीडीतला स्कॅन फुकट होईल म्हणून रेशनकार्ड घेऊन थेट सेंटरवर जातात. तसं नसतं. पेशंट योजनेतल्या हॉस्पिटलात ॲडमिट झाला आणि उपचाराचं पॅकेज मंजूर झालं तर त्यासाठी लागणाऱ्या तपासण्या त्यातच येतात. म्हणून बिल भरायच्या आधी हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या माणसाच्या, काउंटरला जा, एकदा पैसे भरले की परत मिळवणं म्हणजे डोक्याला ताप. सोबत रेशनकार्ड आणि आधार, दोन्हींची ओरिजिनल आणि झेरॉक्स, आणि नावाचं स्पेलिंग दोन्हीकडं एकच आहे का ते घरीच बघा. विजापूर, इंडीकडनं येणाऱ्यांनी आयुष्मान कार्ड आणा, ते दुसऱ्या राज्यातही चालतं. शंका असली तर 155388 ला फोन करा. अचानक पोटात-पाठीत भयंकर दुखून माणूस गार पडत असेल तर मात्र कागद शोधत बसू नका, सरळ कॅज्युअल्टी गाठा, कागद मागनं देता येतात.

छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलला, करायचं असेल तर आधी केसपेपर काढून ओपीडीत दाखवा, बाहेरच्या डॉक्टरची चिठ्ठी घेऊन थेट मशीनपाशी उभं राहू नका.

सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती क्रिएटिनीनच्या, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीच्या, रिपोर्टवर. सीटीतलं आयोडिनचं औषध किडनीतूनच बाहेर पडतं, म्हणून ताजा रिपोर्ट मागतात. शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर ते सांगा, किडनी फार कमजोर असली तर तपासणीनंतर 48 तास ती गोळी बंद ठेवायला लावतात, पण स्वतःच्या मनानं बंद करू नका. बीपीची गोळी घ्यायचीच. आधी कधी अशा इंजेक्शननं अंगावर गांधी उठल्या असतील, दमा असेल, दिवस गेल्याची शंका असेल तर संमतीपत्रावर सही करायच्या आधी बोला. औषध जाताना अंग गरम होतं, लघवी झाल्यासारखं वाटतं, होत नाही, घाबरू नका.

एमआरला, म्हणजे एमआरआय मशीनवरच्या अँजिओला, रेडिएशन नाही, पण वेळ अर्धा-पाऊण तास जातो आणि श्वास पुन्हापुन्हा रोखावा लागतो. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं इम्प्लांट असेल तर त्याचं कार्ड आणि ऑपरेशनचे कागद लागतात, त्याशिवाय आत घेत नाहीत. जोडवी आदल्या रात्रीच साबण लावून काढा, मशीनच्या दारात ती निघत नाहीत. गॅडोलिनियमचं औषध द्यायचं असेल तर किडनीचं इथंही बघतात, पण काही एमआर अँजिओ औषधाशिवायही होतात, किडनीच्या पेशंटनी हे जरूर विचारावं. धमनीतलं कॅल्शियम बघायचं असेल तर मात्र सीटीच बरा.

रिपोर्ट घेताना नुसत्या फिल्मवर समाधान मानू नका, सीडी मागा, पुढं पुण्याला रक्तवाहिन्यांच्या सर्जनला दाखवायची वेळ आली तर ते सीडीच लावून बघतात.