गुरांतील प्रतिजैविकरोधी अन्नजन्य जीवाणूंचे जीनोम-क्रमनिर्धारण

गायी-म्हशींच्या आतड्यांतून दूध व मांसावाटे माणसापर्यंत पोहोचणाऱ्या आणि प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जीवाणूंच्या डीएनएचा संपूर्ण क्रम वाचण्याची पद्धत. साल्मोनेला, एश्चेरिकिया कोलाय व कँपिलोबॅक्टर हे यांतील प्रमुख जीवाणू होत. शेण, कच्चे दूध किंवा मांस यांतून जीवाणू वेगळा करून वाढवतात, त्याचा क्रम वाचतात आणि तो ज्ञात रोधक जनुकांशी ताडून पाहतात. गुरांशी निगडित ए. कोलाय ओ१५७:एच७ या वाणाचा सुमारे ५५ लाख बेस-जोड्यांचा (डीएनएच्या साखळीतील घटक-जोड्यांचा) क्रम २००१ मध्ये प्रसिद्ध झाला.

रोधक जनुकांचा उगम हा वादाचा विषय आहे. तिसऱ्या पिढीतील सेफॅलोस्पोरिने (प्रतिजैविकांचा एक गट) निकामी करणारे सीटीएक्स-एम-१५ हे एंझाइम नवी दिल्लीतील एका रुग्णालयात १९९९ मध्ये मिळालेल्या जीवाणूंत प्रथम आढळले. त्यावरून ते भारतातच उपजले असे म्हणता येत नाही, कारण पहिली नोंद आणि उगम या भिन्न बाबी आहेत. सीटीएक्स-एम कुलातील जनुकांचे पूर्वज क्लुयव्हेरा या जीवाणूच्या गुणसूत्रात असावेत, हे मत क्रमांतील साम्यामुळे बहुतेकांना मान्य आहे. आयएसईसीपी१ हा जागा बदलणारा डीएनए-खंड अशा जनुकांच्या लगत वारंवार सापडतो. त्यामुळे त्यानेच ती प्लाझ्मिडवर (गुणसूत्राहून वेगळ्या, एका जीवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकणाऱ्या डीएनए-वलयावर) आणली असावीत आणि हे स्थलांतर निरनिराळ्या क्लुयव्हेरा जातींतून स्वतंत्रपणे, एकाहून अधिक वेळा घडले असावे, ही मीमांसा अधिक ग्राह्य वाटते.

जनुक गुणसूत्रावर आहे की प्लाझ्मिडवर, यावर त्याचा प्रसार अवलंबून असतो. पुनरावृत्त भागांमुळे केवळ आखूड तुकड्यांच्या वाचनातून प्लाझ्मिड नीट जुळत नाही. तेथे नॅनोपोरसारखे (सूक्ष्म छिद्रातून डीएनएचा धागा ओढून वाचणारे) लांब वाचन उपयोगी पडते. मात्र जनुक असूनही ते निष्क्रिय असू शकते, म्हणून औषधाच्या चकत्यांभोवती जीवाणू वाढतो का हे पाहण्याची जुनी चाचणी सोडून चालत नाही. कोलिस्टिन या प्रतिजैविकाला रोध देणाऱ्या, प्लाझ्मिडवाहित एमसीआर-१ जनुकाची नोंद २०१५ मध्ये चीनमधून झाली. भारताने २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली.

नागपुरात पशुवैद्यक महाविद्यालय (स्थापना १९५८) असून राष्ट्रीय वन हेल्थ (माणूस, प्राणी व पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्रित विचार) संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली. महाराष्ट्रात २०१५ पासून संपूर्ण गोवंशहत्याबंदी असल्याने येथे दूध आणि म्हशीचे मांस हेच तपासणीचे मुख्य विषय ठरतात. गवळाऊ गाय, नागपुरी म्हैस किंवा संकरित जनावर, कोणाचाही नमुना घेताना कासदाहावर दिलेले औषध आणि ते दिल्याची तारीख टिपून ठेवणे अत्यावश्यक आहे. ती नोंद नसल्यास क्रम अचूक असूनही रोध कोणत्या औषधामुळे बळावला, हे ठरवता येत नाही.