बेडकाच्या डोळ्यातून मेंदूकडे काय जातं?

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने 1637 साली बैलाच्या डोळ्याचा प्रयोग लिहून ठेवला. नुकत्याच मेलेल्या जनावराचा डोळा घ्यायचा, आतला द्रव सांडू न देता मागची आवरणं कापायची, भोकावर कागद किंवा अंड्याचं कवच लावायचं आणि अंधाऱ्या खोलीच्या खिडकीत डोळा बसवायचा. कागदावर बाहेरचं दृश्य उलटं उमटतं. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने 1604 मध्ये हेच मांडलं होतं. हे चित्र जसंच्या तसं मेंदूकडे जात असणार, ही समजूत मग साहजिकच रुजली.

तिला तडा गेला तो मज्जातंतूंमधले विद्युत संकेत मोजता येऊ लागल्यावर. 1927 च्या सुमारास एड्रियन आणि रेचल मॅथ्यूज या ब्रिटिश संशोधकांनी काँगर ईल माशाच्या दृष्टिचेतेतले, म्हणजे डोळ्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या तंतूंच्या जुडीतले, संकेत नोंदवले. पण हजारो तंतू एकदम बोलत असताना एकाचं म्हणणं कळणार कसं?

अमेरिकन शास्त्रज्ञ हार्टलाइनने 1938 मध्ये त्यावर उपाय काढला. बेडकाच्या डोळ्याचा पुढचा भाग काढून दृष्टिपटल उघडं करायचं, त्यावरची तंतूंची बारीक बट उचलायची आणि एकच तंतू चालू राहीपर्यंत ती चिरत जायची. सुमारे 20 टक्के तंतू उजेड असेपर्यंत संकेत देत राहिले, 50 टक्के दिवा लागताना आणि विझताना, तर 30 टक्के फक्त विझल्यावर. उजेड तोच, बातम्या तीन.

अमेरिकन शास्त्रज्ञ स्पेरीने 1940 च्या दशकात तोडमोड करून पाहिली. त्याने बेडकाची दृष्टिचेता कापली आणि डोळा 180 अंशांनी फिरवला. उभयचरांमध्ये ती पुन्हा वाढते. वाढली, दिसू लागलं, पण माशी वर असली की बेडूक खाली झडप घालायचा. सवयीने हे सुधारलं नाही, कारण प्रत्येक तंतू मेंदूतल्या आपल्या मूळच्या जागीच जाऊन जोडला गेला होता.

तरी हार्टलाइनच्या पद्धतीत एक खोट होती. बेडकाच्या दृष्टिचेतेत सुमारे 5 लाख तंतू असतात. बहुतेक मायेलिनच्या, म्हणजे संकेताचा वेग वाढवणाऱ्या चरबीयुक्त थराच्या, वेष्टणाशिवायचे आणि अतिशय बारीक. चिरताना हाती लागायचे ते मुख्यतः जाड तंतू. लेटव्हिन, माटुराना, मॅकलॉक आणि पिट्स यांनी 1959 मध्ये टोकाला प्लॅटिनमचा काळा थर दिलेले धातूचे इलेक्ट्रोड थेट मेंदूत, तंतूंच्या शेवटाशी, नेले. बेडकासमोर ॲल्युमिनियमचा अर्धगोल ठेवून आतल्या वस्तू बाहेरून चुंबकाने हलवल्या.

तंतूंचे चार मुख्य प्रकार सापडले: स्थिर कडा टिपणारे, लहान गडद गोलसर वस्तू टिपणारे, हलती कड टिपणारे आणि अंधारून आल्याचं सांगणारे. दुसऱ्या प्रकाराची गंमत अशी की फुलापानांचा अख्खा रंगीत फोटो हलवला तरी हे तंतू गप्प. त्याच फोटोवरून माशीएवढा ठिपका सरकला की लगेच जागे. म्हणूनच न हलणाऱ्या माश्यांच्या ढिगात बेडूक उपाशी मरू शकतो. प्रत्येक प्रकाराचा, दृष्टिपटलावरची कुठली जागा कुठे ते दाखवणारा, नकाशा मेंदूत वेगळ्या खोलीवर, एकाखाली एक, पण चारही एकमेकांशी जुळवलेले.

अंधाराची बातमी नेणारे तंतू मायेलिनचे वेष्टण असलेले, वेगवान; माशीची बातमी नेणारे बारीक आणि संथ. त्यामुळे बगळ्याची सावली माशीच्या आधी मेंदूत पोहोचते.